हात बिघडतो तेव्हा

अंधेरी-बोरिवलीकडे ऑफिस सुटल्यावर तासाच्या भाड्यानं टेबल घेऊन पूल खेळणाऱ्यांची एक ठरलेली रड असते, ‘काल डोळे मिटून जात होते, आज एक बॉल पडत नाही!’

अशा वेळी क्यूला दोष देऊ नका, नवा तर मुळीच घेऊ नका. आधी टिप पाहा. ती गुळगुळीत झाली असेल तर चॉक धरत नाही आणि फटका निसटतो. पावसाळ्यात टेबलाचं कापड दमट होतं, बॉल जड धावतो. तो दोष तुमचा नव्हे.

मग खरा शत्रू कुठला? बहुतेकदा मान. बॉल पडला का, हे पाहायच्या घाईत ती फटक्याआधीच उचलली जाते. मित्राला मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा, लगेच कळेल. आठवडाभर सामने बंद. पांढरा बॉल मधोमध मारून समोरचा सरळ पॉकेटमध्ये घालायचा आणि पांढरा जागच्या जागी थांबवायचा, एवढंच. कंटाळवाणं आहे, पण मोडलेली लय इथंच सापडते.

आणि धीर सुटत असेल तर मोठ्या खेळाडूंकडे पाहा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. दुसऱ्या जगज्जेतेपदासाठी त्यांनाही 1964 पर्यंत थांबावं लागलं. मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी 1989 मध्ये आशियाई स्नूकर विजेतेपद जिंकलं, पुन्हा जिंकलं ते थेट 2001 मध्ये.

तेव्हा महिनाभर हात बसला नाही म्हणून क्यू माळ्यावर टाकू नका. उद्या अर्धा तास लवकर जा आणि एकट्यानं सरळ फटके मारा.