काचेच्या बाहेरची बाजू



एफएसआय, मंजुऱ्या, फी या विषयांवर वास्तुविशारदांच्या या अधिवेशनात चर्चा होणारच आहे. अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी आपल्या एलिव्हेशनवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांसाठी वापरणार आहे.

शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस लेकसाइड सेंटर आपल्यापैकी काहींनी कॉलेजात अभ्यासलं असेल. १९७१ची इमारत. ती करणारे जीन समर्स हे मीस व्हॅन डर रोहे यांच्या तालमीत तयार झालेले. मिशिगन सरोवराच्या अगदी काठावर भलंथोरलं सपाट छप्पर आणि त्याखाली काचच काच. ऑक्टोबर २०२३ मध्ये, ४ तारखेच्या रात्री, उत्तरेचा वारा धरून दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांचा लोंढा शहरावर आला. पावसानं त्यांना खाली उतरवलं आणि समोर ही दिवे लागलेली इमारत. सकाळी तिच्या पायथ्याशी साडेनऊशेहून अधिक पक्षी मरून पडले होते. बहुतेक वॉर्बलर, दहा-अकरा ग्रॅम वजनाचे.

फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून तिथे मेलेले पक्षी वेचत आणि मोजत आले आहेत. शहरभर काचांवर आपटलेल्या सत्तर हजारांवर पक्ष्यांच्या मापांवरून पुढे कळलं की, चार दशकांत त्यांची शरीरं लहान होत गेली आणि पंख किंचित लांबले. या ज्ञानाची किंमत मला फार जड वाटते.

उजेडात काच समोरचं झाड आणि आभाळ जसंच्या तसं दाखवते. पक्षी त्या झाडाकडेच झेप घेतो. ससाण्याचा एखादा स्टिकर लावून भागत नाही, तो चुकवून पक्षी शेजारच्या मोकळ्या काचेवर धडकतो. आतून लावलेल्या खुणाही पुरत नाहीत, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं. लेकसाइड सेंटरवर २०२४च्या उन्हाळ्यात नेमकं हेच ओळखून बाहेरून फिल्म लावली. तिच्यावर पाच-पाच सेंटिमीटरवर बारीक ठिपके आहेत, चार पावलांवरून माणसाचं लक्षही जात नाही असे. त्या शरद ऋतूत मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. खर्च बारा लाख डॉलर! तेच ठिपके ड्रॉइंगवर असते, तर काच कारखान्यातूनच तशी आली असती. न्यूयॉर्कनं २०२० च्या कायद्यानं नव्या इमारतींच्या खालच्या ७५ फुटांत पक्षिस्नेही काच सक्तीची केली, ती याच विचारानं.

आपल्याकडे पावसाच्या तोंडावर नवरंग आणि तिबोटी खंड्या रात्रीचा प्रवास करून येतात. तिबोटी तर रायगडचा जिल्हापक्षी. मुंबईत, कोकणात खिडकीखाली निपचित पडलेला खंड्या उचलून खोक्यात ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यातले काही पक्षी उडून जातात, काही जात नाहीत. ज्या काचेनं ते पडले, ती मात्र आपल्यापैकीच कुणीतरी निवडलेली असते. क्लाएंटला आरशासारखी काच हवी असते हे खरं, पण टेंडरमधली काच लिहितो कोण? आपणच.

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे मी दोन कलमी ठराव ठेवतो. झाडं किंवा पाणी समोर असेल तिथे खालच्या मजल्यांची काच बाहेरून ठिपक्यांची किंवा रेघांची असावी, आणि ते स्पेसिफिकेशनमध्येच लिहावं. स्थलांतराच्या काळात रात्री रिकाम्या मजल्यांचे दिवे बंद राहतील, अशी तरतूद विद्युत आराखड्यात असावी. मसुदा तुमच्या फायलीत दिला आहे. दुरुस्त्या दुपारच्या सत्राआधी कार्यवाहांकडे द्याव्यात, ही विनंती.