६१७४ : एका शिक्षकाची संख्या

आज एका संख्येविषयीं चार शब्द बोलण्याचा मानस आहे. ती संख्या म्हणजे सहा हजार एकशें चौऱ्याहत्तर. जवळ कागद-पेन्सिल असल्यास घ्यावी. कारण हा विषय नुसता ऐकण्याचा नाहीं, करून पाहण्याचा आहे.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमानें मांडावे व त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. बाकी तीन अंकी आल्यास डावीकडे शून्य मांडून तिच्यावर हीच क्रिया करीत जावें. उदाहरणार्थ, १९०५ घेऊं. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. पुढें अनुक्रमें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीस ६१७४. आतां ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुनः ६१७४च! कोणत्याही संख्येस सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहींत.

यांत जादू नाहीं. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधील अंतरास ९९९ नें आणि मधल्या दोन अंकांच्या अंतरास ९० नें गुणून बेरीज केली कीं बाकी मिळते. त्यामुळें आरंभीच्या ८,९९१ संख्यांपासून पहिल्या वजाबाकीस केवळ ५४ निरनिराळ्या बाक्या संभवतात. त्या एकेक तपासल्या कीं सिद्धता पुरी झाली. ६१७४ मध्यें हीं अंतरें ६ व २ आहेत; ५९९४ आणि १८० मिळून पुनः तीच संख्या होते. तीन अंकांत असा मान ४९५ ला आहे. दोन किंवा पांच अंकांत तो कोणा एकीलाच मिळत नाहीं.

हा शोध देवळालीच्या शाळेंतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. मघां घेतलेलें १९०५ हें त्यांचें जन्मवर्ष; जन्मस्थान डहाणू. फर्गसन महाविद्यालयांत शिकत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं शाळेंत अध्यापन केलें. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं ही संख्या मांडली. कित्येक विद्वानांनीं त्यांचें संशोधन क्षुल्लक मानिलें. परंतु १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर झालें. १९८६ सालीं ते निवर्तले.

आमच्या जांबे गांवापासून हिंजवडीची संगणकनगरी दूर नाहीं. तेथील यंत्र या सर्व संख्या निमिषांत तपासून देईल. परंतु अंक उलटसुलट मांडून वजा करीत गेल्यास काय होईल, हा प्रश्न प्रथम कोणास तरी पडावा लागतो. आणि तो पडण्यास मोठी पदवी लागत नाहीं, असें या उदाहरणावरून दिसतें. म्हणून पालकांस व शिक्षकबंधूंस माझी विनंती आहे कीं, मूल आंकड्यांशीं खेळत बसलें, तर ‘परीक्षेंत हें येत नाहीं’ असें म्हणून त्याची वही मिटूं नये.

ही संख्या परिषदेंत मांडल्याचें वर्ष १९४९. तें ६१७४ ला कितव्या वजाबाकीस पोंचतें, हें आज रात्रीं मुलांस घेऊन पाहावें.