जिभेखालची गोळी

अब्बांच्या खिशात काचेची छोटी बाटली असे. छातीत कळ आली की त्यातली गोळी जिभेखाली. पहिल्यांदा त्यांनी ती उभ्यानंच घेतली आणि भोवळ येऊन उंबऱ्यात कोसळले. डॉक्टर म्हणाले, "आधी बसा, मग गोळी. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो."

गोळी नायट्रोग्लिसरीनची. सुरुंगाच्या डायनामाइटमधलं तेच! १८९६ साली खुद्द आल्फ्रेड नोबेलला हृदयविकारावर हेच औषध सांगितलं गेलं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्यांचे स्नायू सैलावतात. आपलं शरीरही हा वायू बनवतं. त्याचं काम उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.

"डोकं ठणकतंय, म्हणजे गोळी लागू पडली," अब्बा कपाळ दाबत हसायचे. अम्मी मात्र घड्याळावरची नजर हलवत नसे.