कुजबूज आणि कलंक

एचआयव्ही हा शरीराची रोगप्रतिकारशक्ती हळूहळू पोखरणारा विषाणू आहे आणि उपचारांअभावी ती शक्ती ढासळून इतर रोग बळावतात, त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एका ताटात जेवल्याने किंवा एका नळावर पाणी भरल्याने हा विषाणू पसरत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असूनही त्याभोवतीचा कलंक पुसला गेलेला नाही, कारण तो कुजबुजीवर पोसला जातो.

धुळ्यात पांझरेकाठच्या देवपूरसारख्या, नात्यागोत्यांनी आणि एकवीरा देवीच्या यात्रेने बांधलेल्या वस्तीत शेजार हा अडीनडीचा आधार असतो. परंतु कुणाची अंगकाठी उतरली, कुणाच्या सरकारी दवाखान्याच्या खेपा वाढल्या, याची नोंदही तोच शेजार ठेवतो. मग 'त्याची लक्षणं बरी नव्हतीच' असे कानोकानी होते आणि आजाराची चर्चा चारित्र्याच्या निवाड्यात बदलते. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक चालवणारा केवळ धंद्यामुळे संशयास्पद ठरतो, तर पतीकडून लागण झालेल्या विधवेलाच घरातून दोष मिळतो.

या निवाड्याच्या धास्तीने गोळ्यांच्या डबीवरचे लेबल खरवडले जाते आणि ओळखीचे कुणी भेटेल म्हणून जवळचे उपचार केंद्र सोडून परजिल्ह्यातले गाठले जाते. त्यात भाडे जाते, मजुरी बुडते आणि कधी औषधाचा खंडही पडतो. विषाणूची वाढ रोखणारी ही औषधे, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रांतून 2004 पासून मोफत मिळतात. ती नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके घटले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. म्हणून औषध चुकवायला लावणारी कुजबूज प्रतिबंधाच्याच मुळावर येते.

गोव्यात 1989 मध्ये डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याला केवळ एचआयव्हीबाधित असल्यामुळे कायद्याच्या आधारे डांबून ठेवण्यात आले. समाजाच्या भीतीला तेव्हा शासनाचीच मोहोर लाभली होती. आज कायदा बाधितांच्या बाजूने उभा आहे. 2018 पासून लागू असलेल्या 2017 च्या अधिनियमाने बाधितांशी भेदभाव करण्यास, त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवण्यास आणि विश्वासाने सांगितलेली त्यांची स्थिती संमतीविना उघड करण्यास मनाई केली आहे.

तथापि ओट्यावरच्या प्रत्येक बोलण्यापर्यंत कायदा पोहोचू शकत नाही. तेथे ऐकणाऱ्याने 'हा त्यांचा खासगी प्रश्न आहे' एवढे ठामपणे सांगून विषय संपवावा आणि शंका असल्यास 1097 या मोफत क्रमांकावर विचारावे, कारण शेजाऱ्याच्या गप्प राहण्यावर कुणाचे तरी औषधपाणी सुरळीत चालणे अवलंबून असते.