हवेची साक्ष



28 एप्रिल 1986 च्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीजकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. प्रथम संशय आला तो त्याच केंद्राचा. परंतु तेथे कोठेही गळती नव्हती. किरणोत्सर्गी कण वाऱ्यापावसाबरोबर बाहेरून आले होते. सुमारे 1100 किलोमीटर दूर, चेर्नोबिल येथील चौथी अणुभट्टी 26 एप्रिलच्या पहाटे फुटली होती. मॉस्कोने ती वार्ता जगाला दिली 28 च्या रात्री.

ही साक्ष हवेतून कशी काढतात? शक्तिशाली पंप दिवसभर हजारो घनमीटर हवा तंतुमय गाळणीतून ओढतो. धूलिकण गाळणीवर अडकतात; वायुरूप आयोडीनसाठी मात्र कोळशाची गाळणी लागते. निसर्गतः हवेत असलेल्या रेडॉनचे अल्पायुषी अवशेष विरेपर्यंत गाळणी ठेवून देतात. मग जर्मेनियमचा शोधक गॅमा किरणांची ऊर्जा मोजतो आणि त्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखू येते. सीझियम-134 सापडले की उगम अणुभट्टीत आहे हे कळते, कारण बॉम्बस्फोटात ते जवळजवळ निर्माणच होत नाही.

यंत्रांना अत्यल्प अंशही सापडतात. सापडणे म्हणजे धोका असणे नव्हे. धोका किती, हे आकडाच सांगतो. म्हणूनच आकडा लपविणे हा जनतेचा द्रोह आहे. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणजे पहिले काही दिवसच निर्णायक असतात. त्याच दिवसांत युक्रेन, बेलारूस आणि रशियातील मुले दूषित दूध पीत राहिली. त्या पिढीत 2005 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे 6000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील मोठा वाटा त्या दुधाचा होता.

गुप्ततेचा रोग एकाच व्यवस्थेला जडतो असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर 1957 मध्ये ब्रिटनमधील विंडस्केलची अणुभट्टी पेटली. सुमारे 500 चौरस किलोमीटर प्रदेशातील दुधाची विक्री थांबवावी लागली. चौकशीचा संपूर्ण अहवाल मॅकमिलन सरकारने दडपला. तो खुला झाला 1988 साली. समाजवादी राष्ट्रातील मौनाचे समर्थन या उदाहरणाने होत नाही. उलट, जे राज्य श्रमिकांचे म्हणवते त्याच्यावर सत्य सांगण्याची जबाबदारी अधिकच असते.

मार्च 2011 मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या अपघातानंतर अणुचाचणीबंदी कराराच्या मापनकेंद्रांनी सुमारे पंधरवड्यात संपूर्ण उत्तर गोलार्धात त्याचे अंश टिपले. परंतु त्या जाळ्याची आकडेवारी जाते सदस्य सरकारांच्या हाती, जनतेच्या नव्हे.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: मापनकेंद्रे अणुवीजकेंद्र चालविणाऱ्यांपासून स्वतंत्र असावीत, आकडे रोजच्या रोज, लोकांच्या भाषेत जाहीर व्हावेत, आणि अणुकामगारांच्या संघटनांना ते तपासण्याचा अधिकार असावा. वारा सरहद्दी मानीत नाही. त्याने आणलेली साक्ष वाचण्याचा हक्क त्याच हवेत श्वास घेणाऱ्या जनतेचा आहे.