कागद तिचा, तिच्याच हाती हवा

(वावर, ता. जव्हार इथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कागदावर काय लिहिलं जातं आणि काय वगळलं जातं, हे वावरच्या बायांना कुणी शिकवायला नको. हा भाग ठाणे जिल्ह्यात होता तेव्हा, १९९२ साली, वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. कुपोषित मूल दगावलं की नोंदीत निमोनिया येतो, जुलाब येतात. भुकेला रकाना नसतो. आज मला दुसऱ्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे. बाईच्या मनाच्या आजारावर उपचार होतात, त्याचा कागद.

समजा, एका बाईची झोप उडाली आहे, ती बोलेनाशी झाली आहे. घरचे आधी भगताकडे नेतात. मग जव्हारच्या कुटीर रुग्णालयात, तिथून गरज पडली तर ठाण्याच्या मनोरुग्णालयात. गोळ्या सुरू होतात. केसपेपर मात्र नवऱ्याच्या खिशात, नाहीतर सासऱ्याच्या पेटीत. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातं, कागद गावी राहतो. तिथला डॉक्टर विचारतो, कोणती गोळी चालू होती? तिला सांगता येत नाही. उपचार पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर बंदच.

दुसरी बाजू याहून वाईट. जो कागद तिला औषधासाठी मिळत नाही, तोच तिच्याविरुद्ध पंचांसमोर बाहेर निघतो. "ही वेडी आहे, मी दुसरी करतो." अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे पुष्कळदा निवाडा रूढीप्रमाणे पंचच करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव घातलं. 'वेडी' म्हणून घराबाहेर काढलेली बाई त्या जमिनीवर उभी तरी कशी राहणार? मूल कुणाकडे राहणार, हेही त्याच एका शब्दावर ठरतं.

कायदा या शब्दाला एवढं वजन देत नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखालच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात सांगितलं की आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे हे पाहावं लागेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम ३ म्हणतं की पूर्वी उपचार घेतले वा दवाखान्यात राहिली, एवढ्यावरून आज ती आजारी आहे असं ठरवता येत नाही. आणि कोर्टात कुणी आजाराचा पुरावा आणला व आपण तो नाकारला, तर कलम १०५ प्रमाणे कोर्टाने तो तपासणीसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो.

आता कागद मागण्याबद्दल. याच कायद्याच्या कलम २५ ने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. ती दवाखान्यात दाखल होती, तर २०१८ च्या नियमांप्रमाणे तिने लेखी अर्ज करायचा आणि १५ दिवसांत प्रत मिळायला हवी. अर्ज साधा असावा: माझं नाव, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी आपल्याकडे उपचार घेतले, निदान, तपासण्या आणि औषधं यांच्या नोंदींची प्रत मला द्यावी. खाली सही किंवा अंगठा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज केलाच नव्हता असं उद्या सांगतील. सरकारी दवाखाना टाळाटाळ करत असेल तर माहितीच्या अधिकाराचाही अर्ज करता येतो, त्याची मुदत ३० दिवसांची.

डॉक्टर काही भाग रोखू शकतात. पण कारणं दोनच. तो उघड केल्याने तिच्या मनाला गंभीर इजा होणार असेल, किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होण्याची शक्यता असेल. रोखलं तर मंडळाकडे दाद मागता येते, हेही डॉक्टरांनीच तिला सांगायचं आहे. "तुला काय कळतंय" हे कारण कायद्यात नाही.

आणखी एक गोष्ट गावोगाव सांगा. तिच्या वतीने बोलणारी व्यक्ती तिला स्वतः नेमता येते. साध्या कागदावर लिहायचं, सही नाहीतर अंगठा. कलम १४. आई, बहीण, मैत्रीण, जिच्यावर तिचा विश्वास असेल ती. तिने कुणालाच नेमलं नाही तर ते स्थान नातेवाइकाकडे जातं. आणि मारणाराच नातेवाईक असेल तर?

मार हा शब्द आला म्हणून सांगते. बाई डॉक्टरांना सांगते, नवरा मारतो म्हणून झोप लागत नाही. कागदावर येतं, 'झोप न लागणे, उदास'. मार गळून पडतो. तिने तिथेच म्हणायला हवं, हे लिहून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली उद्या तिला संरक्षण मागायचं असेल, तर ती एक ओळ साक्षीला उभी राहील.

शेवटी आपल्याबद्दल. १९८४ साली मुंबईत पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तेव्हापासून महाराष्ट्रात ठिकठिकाणी समुपदेशन केंद्रं उभी राहिली. तिथेही नोंदवही असते, फाइल असते. बाई तिथे जे बोलते ते आईपाशीही बोललेली नसते. ती फाइल कुणाची? दवाखान्याला आपण जे मागतो, ते तिने आपल्याकडे मागितलं तर आपण देणार का? तिला लिहिता-वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवणार का? आणि तिच्या परवानगीवाचून तिचा कागद दवाखान्यातून आपणही मागायचा नाही. गुप्ततेचा हक्क तिचा आहे, संघटनेचा नव्हे.

म्हणून प्रत्येक गटाने तीन कामं घ्यावीत. अर्जाचा नमुना सोप्या मराठीत करून ठेवावा. वीटभट्टीवर निघण्याआधी ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्या केसपेपरची झेरॉक्स त्यांच्याच पिशवीत जाईल हे पाहावं. आणि आपली फाइल बाईला कशी दाखवायची, याचा नियम लिहून तो केंद्राच्या भिंतीवर लावावा. पैकी दुसरं काम दिवाळीच्या आत व्हायला हवं.