मोजपट्टी कोणाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी मानसशास्त्रज्ञ आहे असं सांगितलं की लोक विचारतात, 'मग माझ्याकडे बघून माझा स्वभाव सांग.' तसा तो सांगता येत नाही, म्हणून आम्ही चाचण्या वापरतो. त्यातल्याच एका चाचणीबद्दल आज बोलणार आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी ती तयार केली. १९४३ साली ती प्रसिद्ध झाली. तिचं नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे एमएमपीआय म्हणतात. साडेपाचशे विधानं, आणि प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करायची. तुमची उत्तरं सर्वसाधारण माणसांपेक्षा किती वेगळी आहेत, ते गुणांवरून कळतं.

आता ही सर्वसाधारण माणसं कोण? मुख्यतः विद्यापीठाच्या रुग्णालयात आपल्या रुग्णाला भेटायला आलेली मंडळी. जवळजवळ सगळे गोरे, बरेचसे ग्रामीण भागातले, सरासरी शिक्षण आठवीपर्यंत. पुढे कितीतरी वर्षं कृष्णवर्णीयांनाही त्यांच्याच मापाने मोजलं गेलं. काही गंभीर आजारांशी जोडलेल्या पट्ट्यांवर त्यांचे गुण सरासरीने जास्त येत. गोऱ्यांचं माप लावून आपण भेदभाव तर करत नाही ना, असा प्रश्न माल्कम गिन्थर यांनी १९७२ साली जाहीरपणे विचारला. ज्याने आयुष्यभर अपमान सोसला, तो लोकांवर विश्वास ठेवत नाही म्हणाला, तर तो आजार की अनुभव?

बायकांचीही तीच गत. या चाचणीत 'पुरुषी-बायकी' अशी एक पट्टी आहे. ती मुळात समलिंगी पुरुष ओळखण्यासाठी बनवली, आणि त्यासाठी घेतलेला गट होता अवघा १३ जणांचा! स्त्रियांसाठी वेगळी पट्टी जमेना, तेव्हा हीच उलटी करून त्यांना लावली. यंत्रांत रस दाखवणाऱ्या बाईचे गुण त्यामुळे 'पुरुषी' बाजूला झुकत. आपल्या वर्गात सायकलचं पंक्चर काढणाऱ्या मुली होत्याच की!

१९८९ साली चाचणी सुधारली. सात राज्यांतून सुमारे २,६०० स्त्री-पुरुष घेतले, त्यांत कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी लोकही होते. तरी जास्त शिकलेल्यांचा भरणा राहिलाच. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. दोन गटांचे गुण वेगळे आले एवढ्यावरून चाचणी पक्षपाती ठरत नाही. तेवढेच गुण मिळालेल्या दोघांच्या बाबतीत चाचणीचा अंदाज सारखाच खरा ठरतो का, हे तपासावं लागतं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. तरी नोकरीच्या सुरुवातीला मीच चुकले. खेड्यातून आलेल्या एका बाईंना मी अशा चाचणीतली विधानं मराठीत समजावून विचारत होते. अंगात कोणी शिरतं का, अशा अर्थाच्या विधानाला त्या सहज 'हो' म्हणाल्या. मी लगेच खूण केली आणि अहवालात गंभीर शब्द लिहिला. आमच्या वरिष्ठ बाईंनी तो वाचून एकच विचारलं, "त्यांच्या गावात याचं कोणाला नवल वाटतं का?" मी विचारलंच नव्हतं. परत जाऊन विचारलं. नवरात्रात देवीचं वारं येतं, आईच्याही अंगात यायचं, असं त्यांनी सांगितलं. त्यांची झोप उडाली होती ती घरावरच्या कर्जामुळे. अहवाल मी पुन्हा लिहिला. पण बाईंनी तो वाचलाच नसता तर? माझा तो एक शब्द त्यांच्या कागदांवर कायमचा राहिला असता.

आपल्यातले कित्येक जण आज मुलाखती घेतात, कोणी शिक्षक आहेत, बहुतेक सगळे आईबाप आहेत. नोकरीसाठी, शाळेत, कुठे ना कुठे असा आकडा तुमच्यासमोर येईल. तो फेकून द्या असं मी म्हणणार नाही, मी स्वतः रोज वापरते. फक्त विचारा: हे माप कोणाला मोजून बनवलं? आपल्यासारख्या लोकांवर ते तपासलं आहे का? आणि या माणसाशी कोणी समोर बसून बोललं आहे का?

सर, बाई, तुम्ही प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्याआधी आम्हाला टेबलाजवळ बोलावून घ्यायचात. तेव्हा भीती वाटायची. आता त्याचं मोल कळतं.